जादाचा ट्रे

१

एकवीस एप्रिल, सोमवार. सकाळी आभाळ निरभ्र, वारा पडलेला. दुपारी दोनला पारा त्रेचाळीसवर.

रोहिदास भामरेनं वहीत एवढं लिहिलं, पेन खिशाला अडकवलं आणि टेम्पोतून उतरलेले ट्रे मोजायला घेतले.

दोंडाईच्याच्या वेशीबाहेर बंद पडलेल्या जिनिंगचं ते गोडाऊन होतं. पूर्वी तिथं सरकीची पोती रचलेली असत, आता दगड रचलेले होते. अकरा किलोमीटरवरच्या माळावर एक कंपनी तांब्यासाठी ड्रिलिंग करत होती. मशीन जमिनीतून दगडाचा गोल दांडा कापून काढी. मनगटाएवढ्या जाडीचा, कितीही खोलवरचा. त्याला सगळे कोर म्हणत. मशीनवर निघालेला प्रत्येक मीटर पत्र्याच्या ट्रेमध्ये आडवा ठेवून या गोडाऊनात येई. एका ट्रेला पाच खाचा, एक खाच एक मीटरची. वाचायचं पुस्तकासारखं, डावीकडून उजवीकडे, वरून खाली.

रोहिदासनं बावीस वर्षं याच जिनिंगच्या वजनकाट्यावर काढली होती. जिनिंग बंद पडली, काटा भंगारात गेला, आणि मापाची सवय तेवढी त्याच्याकडे राहिली. दगड तो इथंच शिकला. कंपनीच्या भूगर्भतज्ज्ञ नूतन मॅडम बोलत, तो वहीत लिहून घेई, रात्री परत वाचून ज्या शब्दाचा अर्थ लागला नाही त्याखाली रेघ ओढी. दोन वर्षांत रेघा कमी झाल्या होत्या.

पहिले सहाशे मीटर सगळा काळा पत्थर, खानदेशात पायाखाली सगळीकडे असतो तोच. त्याखाली निघालेला दगड मात्र इकडच्या कुणी पाहिलेला नव्हता. राखाडी लगद्यात तांदळाच्या कण्या पेरल्यासारखे गुलाबी-पांढरे दाणे, आणि त्यातून गारगोटीच्या शिरा आडव्यातिडव्या, जाळं टाकल्यासारख्या. शिरांच्या कडेला पितळी चमक दिसे ते तांबं. शिसपेन्सिलीसारखी बोटाला लागे ती निळसर पूड म्हणजे मॉलिब्डेनम. सोनंही होतं, पण ते डोळ्याला दिसत नसे. लॅबच्या कागदावरच दिसे.

"खालून तापलेला रस वर चढत आला," नूतन मॅडमनी त्याला पहिल्या महिन्यात सांगितलं होतं, "पण वरपर्यंत पोचला नाही. अर्ध्या वाटेत थिजला. त्याच्यातलं उकळतं पाणी मात्र दगड फोडत पुढं निघालं. जिथं जिथं फट पडली तिथं हे ठेवून गेलं."

त्या सोमवारी आलेला रन एक हजार बेचाळीस ते एक हजार पंचेचाळीसचा होता. मशीन एका दमात जेवढं कापते तो एक रन, आणि तो तीन मीटरचा. तीन मीटर कापले की तीन मीटर दगड निघतो. दगड ठिसूळ असला तर कमी निघतो, अडीच, दोन. तीनच्या वर निघत नाही. निघणार कुठून?

टेप तीन मीटर चार सेंटिमीटर सांगत होती.

त्यानं तुकडे पुन्हा जुळवून बसवले, फटी दाबल्या, परत मोजलं. तीन चार. कपाटातली लोखंडी पट्टी काढून टेप पडताळली. टेप बरोबर होती.

गोडाऊनला लागून एक खोली होती, त्यात तो आणि त्याची बायको उषा राहत. दाराच्या चौकटीत ती पदरानं मानेचा घाम पुसत उभी होती.

"पहिले जेवी ल्या," ती म्हणाली. "दगड काय पळी जातस?"

"पळाले नही," रोहिदास टेप गुंडाळत म्हणाला. "उलट एक जास्तीना उना."

२

"स्टब असेल, रोहिदासभाऊ," दुसऱ्या दिवशी नूतन मॅडम म्हणाल्या. त्या मूळच्या चाळीसगावच्या, वयानं रोहिदासच्या धाकट्या बहिणीएवढ्या, आणि उन्हानं हैराण. "मागच्या रनचा तुकडा तुटून खाली राहतो, तो पुढच्या रनमध्ये वर येतो. पुस्तकातलं कारण आहे."

"मागचा रन पुरा तीन भरलाय, मॅडम. त्याच्या मागचाही. खाली राहायला काही उरलंच नव्हतं."

"मग शंभर टक्के लिहा. एकशे एक टाकलं तर कॉम्प्युटर घेत नाही."

"दगड जास्त आणि रकाना कमी. मग खरं काय धरायचं?"

"रकाना," त्या हसून म्हणाल्या आणि गाडीत बसल्या.

दुपारी रोहिदासनं त्या तीन मीटरमधला एकेक तुकडा उचलून पाहिला. कोर तुटतो तेव्हा त्याची दोन तोंडं एकमेकांत बसतात, फुटलेल्या कपाचा कान कपाला बसावा तशी. जादा तुकडा यात बसणार नाही, तोच चोर, असा त्याचा हिशोब होता. पण सगळे बसत होते. मग त्यानं उलटं करून पाहिलं: एक तुकडा बाजूला काढायचा आणि त्याच्या दोन्ही बाजूचे शेजारी एकमेकांना लावायचे. ते लागता कामा नयेत.

अकरावा तुकडा काढला. दहावा आणि बारावा एकमेकांना लागले. शीर शिरेला, दाणा दाण्याला, फटीत नख जाईना. अकरावा परत मध्ये घातला. तोही दोन्हीकडे तसाच बसला.

लांबी बरोबर चार सेंटिमीटर.

तो बराच वेळ ते काढ-घाल करत बसला. मग तुकडा उन्हात नेला. मशीनच्या ज्या नळीत दांडा शिरतो तिच्या खालच्या तोंडाशी पोलादी कडं असतं. दांडा निसटून खाली पडू नये म्हणून ते त्याला दातांनी धरतं, आणि मशीन ओढू लागली की त्या दातांचे ओरखडे दगडावर उमटतात. नेहमी खालच्या टोकाला, कारण ओढणारा वर असतो.

या तुकड्यावर ओरखडे वरच्या टोकाला होते.

रोहिदासनं वहीत लिहिलं: ओरखडे उलट बाजूला. बहुधा तुकडा ठेवताना फिरला असावा. मग 'बहुधा' खाली रेघ ओढली, कारण शिरा पाहिल्या तर तुकडा फिरलेला नव्हता.

त्यानं एक रिकामा ट्रे काढला, त्याच्या कडेवर ट्रे रंगवायच्या लाल रंगानं 'जादा' असं लिहिलं आणि तो तुकडा पहिल्या खाचेत डावीकडे ठेवला.

३

पुढच्या पंधरवड्यात जादाच्या ट्रेमध्ये आणखी तुकडे आले. रोज नाही. दोन-तीन दिवसांआड, कुठल्या तरी एका रनमध्ये.

तेवीसला सहा सेंटिमीटर, हिरवट झाक असलेला. पंचवीसला नऊ सेंटिमीटर, आणि तो काळा पत्थर होता. एक हजार सत्तर मीटरवर, राखाडी-गुलाबी दगडाच्या मधोमध, वरच्या थरातला काळा पत्थर, अंगावर पांढरे ठिपके.

या वेळी मशीन चालवणारा निंबा स्वतः ट्रे घेऊन आला होता. निंबा त्याच्या बरोबरीचा. दोघे एकाच शाळेत नापास झालेले.

"काय भाऊ, गोडाऊनमा ट्रे पाडा का?" निंबा म्हणाला. "इतला खालथे काळा दगड कथाईन उना?"

"तुना नळीमाईन उना. तूच ट्रेमा ठेवा."

"मी डोया मिटीसन ठेवस. देखानं काम तुन्हं." निंबा हसला, मग काळ्या तुकड्यावरून अंगठा फिरवून त्यानं हसणं थांबवलं. "मॅडमले नको दावू. म्हनतीन म्हातारानी भेसळ करी."

मॅडमनी पाहिलं, आणि तसंच म्हटलं, शब्द जरा सभ्य वापरून. ट्रे सरमिसळ झालेत का, एखादा रॅकवरून पडला होता का, खरं सांगा, कुणी तुम्हाला फासावर देत नाही. बावीस वर्षांत वजनात भेसळीचा डाग न लागलेला माणूस उठला. त्यानं त्यांना रॅकपाशी नेलं आणि वरचे एकशे वीस ट्रे एकेक ओढून दाखवले. सगळे भरलेले. कुठं बोटभर जागा रिकामी नाही. मग काळा तुकडा कुठून काढला असता त्यानं?

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. "बाजूला ठेवा. या होलचे आकडे फार चांगले आलेत, भाऊ. वरच्या ऑफिसला आता गोंधळ नकोय."

त्या गेल्यावर रोहिदास तो तुकडा हातात घेऊन रॅकच्या ओळीतून फिरला. शेड तापलेलं होतं, पत्रे तडतडत होते. एकेचाळिसाव्या ट्रेपाशी, दोनशे तीन मीटरच्या खुणेजवळ, त्याला तेच पांढरे ठिपके दिसले. नुसते तसलेच नव्हेत, अगदी तेच. सात ठिपके, एक मोठा, त्याला चिकटून एक बदामी आकाराचा. हातातल्या तुकड्यावर सात, एक मोठा, एक बदामी. तुकडा हातात होता आणि ट्रेमध्येही होता.

त्याच्या मनाला एक सावध पायवाट सापडली: पत्थर पसरतो तेव्हा मैलोगणती एकसारखा थिजतो, तेव्हा दोन ठिकाणी सारखे ठिपके असू शकतील. असू शकतील, असं त्यानं वहीत लिहिलंसुद्धा.

अठ्ठावीसला लाल मातीचा भाजलेला थर आला. तो याच होलमध्ये वर एकशे तीस मीटरवर होता. एक मेला पुन्हा काळा पत्थर, वर हवा लागून पिवळा पडायला आलेला. असा चाळीस मीटरच्या वरच मिळतो.

त्यानं आकडे एकाखाली एक लिहिले. मशीन खाली खाली जात होती. जादाचा ट्रे वर वर येत होता.

४

कोर वाजवून पाहायची रोहिदासची जुनी खोड होती. बाजारात मडकं घेताना बाई जसं बोटानं वाजवते, तसा तो लहान हातोडीनं दगड वाजवी. आतून तडकलेला असेल तर कळतं. सलग दगड खणखणीत वाजतो.

दोन मेच्या दुपारी त्यानं एकेचाळिसावा ट्रे काढला. पहिला तुकडा खणखणला. दुसरा खणखणला. सात ठिपक्यांचा तुकडा वाजला नाही. बद्द. ओल्या मातीवर हातोडी पडावी तसं. त्यानं पाण्याचा हात फिरवून तडा शोधला, तडा नव्हता. उचलला, वजन तेवढंच वाटलं. पुन्हा वाजवला. बद्द.

मग तो जादाच्या ट्रेकडे गेला आणि तिथला जोडीदार वाजवला.

त्याचा आवाज शेडभर घुमला. इतका वेळ टिकला की रोहिदासला शेवटी तळव्यानं धरून तो थांबवावा लागला, आणि तळव्याखाली तो काही वेळ थरथरत राहिला.

संध्याकाळपर्यंत त्यानं लाल मातीची जोडी तपासली, पिवळ्या पत्थराची तपासली. तेच. वर ट्रेमध्ये राहिलेला दगड दिसायला पुरा होता, मापाला पुरा होता. त्याच्यातलं जे वाजतं ते दुसरीकडे गेलं होतं.

कोण नेतंय हे त्यानं लिहिलं नाही. एवढंच लिहिलं की सगळ्या जादा तुकड्यांवर ओरखडे वरच्या टोकाला आहेत. आपण कापतो तेव्हा ते खालच्या टोकाला येतात, कारण आपण वर असतो.

त्यापुढची ओळ त्यानं कोरी सोडली.

५

चार मेला मुरूम आला. बारा सेंटिमीटर, पिवळा, त्यात बोराएवढे चुनखडीचे पांढरे खडे.

माळावर मुरूम तांबडा आहे आणि त्यात चुनखडी नाही, हे रोहिदासला पाठ होतं. काळा पत्थर सगळीकडे एकच. तो काही सांगत नाही. मुरूम मात्र गावागणिक बदलतो. चुनखडीचा पिवळा मुरूम त्यानं एकाच ठिकाणी पाहिला होता: गोडाऊनच्या मागं बोअर घेतलं तेव्हा. त्याचा नमुना औषधाच्या बाटलीत भरून त्यानं खिडकीत ठेवला होता. बाटली आणली, शेजारी धरली. पाहिलं, दोन्ही एकच, आणि बाटली खाली ठेवली.

सहा मेला तेरा सेंटिमीटर आले. सात काळी माती, वाळून दगड झालेली. तीन भराव. वरचे तीन शहाबादी फरशी.

फरशीच्या चकतीवर लाल रंगाचा एक ओघळ होता, चिंचोक्याएवढा, शेपटी असलेला.

तो चकती घेऊन खोलीत आला. उषा चुलीपुढं नव्हती, मागं कपडे वाळत घालत होती. त्यानं खाटेखालची पेटी ओढली, गुडघ्यावर बसून बॅटरी लावली. मागच्या वर्षी ट्रे रंगवायचा डबा इथं कलंडला होता. फरशीवर ओघळ जागेवर होता, चिंचोक्याएवढा, शेपटी खिडकीकडे. फरशी अखंड होती. त्यानं बोटाच्या पेरानं ती ठोकली, आधी ओघळापासून लांब, मग ओघळावर.

बद्द.

खाटेच्या बरोबर खाली. उषाच्या बाजूला.

"पेटीमा काय शोधी ऱ्हायनात?" ती दारातून म्हणाली.

"काही नही." तो उठला. "उषा, चार दिन चाळीसगावले जाई ये. भाऊकडे."

"का बरं?"

"ऊन कितलं शे आठे. पत्रा तापस."

"चाळीसगावले काय बरफ पडस?" ती बादली ठेवत हसली. "मांगला साले गऊ तं भावजाईनी तिसरा दिनले मन्ही बॅग फळीवरथून काढी दिधी. आठे माले कोणी उठाडत नही."

"मंग खोलीच सोडूत. गावमा भाड्यानी पाहू."

उषानं त्याच्याकडे पाहिलं. वीस वर्षं ते भाड्यानं राहिले होते. दर अकरा महिन्यांनी गाठोडं. ही खोली शेडच्या कामाबरोबर मिळाली, तेव्हा तिनं पहिल्यांदा भिंतीत खिळा ठोकला होता, कुणाला न विचारता.

"आते माले कोठे लई जाऊ नका," ती म्हणाली. आवाजात भांडण नव्हतं. "काय व्हयनं ते सांगा, नाही तं चहा ल्या."

सांगणार काय? दगड वर येतोय? रोहिदासनं चहा घेतला.

मग तो मनाशी नीट, टप्प्याटप्प्यानं विचार करू लागला, जसा वजनाचा गोंधळ सोडवताना करी. फरशीच्या वर काय आहे? दीड फूट हवा. हवेचा कोर निघत नाही. त्याच्या वर खाट. खाट त्या ओघळावर नसली तर पुढं नुसती हवा, आणि मग पत्रा. पत्रा बद्द वाजला तर वाजू दे.

खोली लहान. एका बाजूला कपाट, दुसरीकडे धान्याची कोठी. त्यानं खाट खिडकीच्या दिशेनं, सरकेल तेवढी सरकवली. टेप लावली. ओघळ खाटेच्या कडेच्या बाहेर, एक वीत मोकळा. ओळंब्याचा दोरा सोडून त्यानं पुन्हा पाहिलं. ओघळावरून सरळ वर नजर नेली तर छपरापर्यंत काही आडवं येत नव्हतं.

"या खाटनं काय बिघडनं व्हतं?" उषा म्हणाली. "आते पंखाना वारा पायवर येस, डोकावर नही."

"डोकाकडे पाय करीसन झोप."

"म्हंजे यमना दारकडे पाय," ती म्हणाली आणि पदर तोंडाशी नेऊन हसली.

रात्री झोपण्यापूर्वी त्यानं चकतीचं माप वहीत चढवलं. जाडी तीन सेंटिमीटर. कड सरळ कापलेली नाही, तिरपी आहे. कोनमापकानं मोजलं: उभ्यापासून तीस अंश, शेपटीच्या बाजूला. लिहिलं आणि वही मिटली.

६

आठ मे, गुरुवार. सकाळी ढग, दहानंतर ऊन, नैर्ऋत्येचा गरम वारा.

आदल्या दिवशी मॅडमना फोन करून त्यानं होल थांबवायला सांगितलं होतं. कारण विचारल्यावर तो म्हणाला, जादा फार निघतंय. त्या म्हणाल्या, "भाऊ, बाराशेपर्यंत जायचं ठरलंय. तुम्ही दोन दिवस सुट्टी घेता का?"

जादा निघतं ते मशीन कापत असतानाच, एवढं त्याला दिसत होतं. तेव्हा निंबाला सांगायचं. निंबा मशीन बिघडली म्हणून दोन दिवस काढेल. सव्वाअकराला त्यानं मोटरसायकल काढली. उषा वरण ढवळत होती. दुपारी झोपायचं झालं तर गोडाऊनात झोप, तिथं वारा येतो, असं तो म्हणाला. ती हो म्हणाली, जसं ती त्याच्या वहीतल्या पाऊसपाण्याला हो म्हणे.

माळावर पोचेपर्यंत पावणेबारा झाले. मशीन घोंघावत होती, परतीचं गढूळ पाणी खड्ड्यात पडत होतं. निंबा कानाला फडकं बांधून लिव्हरपाशी उभा.

"थांबाड," रोहिदास ओरडला.

"काय?"

"मशीन थांबाड. दोन दिन. काही बी सांग."

"रनना मधमा?" निंबानं फडकं सरकवलं. "एक मीटर ऱ्हायना शे. आते थांबाडं तं बिट आडकी जाई, रॉड बठ्ठा खालेच ऱ्हातीन. एवढा रन काढस, मंग तू म्हनशी तसं. चहा पी."

"निंबा, तुले हात जोडस."

त्याचा चेहरा पाहून निंबानं थट्टा गिळली. "काय व्हयनं? घरमा बरं शे ना?"

रोहिदास मशीनकडे पाहत राहिला. रॉड फिरत होता, निळ्या आभाळाला खेटून मशीनचा उंच सांगाडा उभा होता. उभा म्हणजे कललेला. दोन वर्षं तो असाच पाहिला होता.

"मान वाकडी करीसन काय देखस?" निंबा म्हणाला, त्याला जरा हलकं करायला. "मशीन पडत नही. होलच तिरपं शे, साठ अंशमा. पहिला दिनपाईन."

रोहिदासनं मान सरळ केली.

पहिल्या दिवसापासून. प्रत्येक रनच्या कागदावर त्यानं स्वतः लिहिलं होतं: कोन साठ, म्हणजे उभ्यापासून तीस. चारशे वेळा. खाली ज्यानं हे आपल्याकडून शिकून घेतलंय तोही तसंच कापणार. परवा रात्री चकतीची तिरपी कड त्यानं मोजली होती, तीस अंश, शेपटीच्या बाजूला. शेपटी खिडकीकडे. आणि खाटेसाठी त्यानं ओळंबा सोडला होता. घरात माणसाला सगळं सरळ वर जातं असंच वाटतं. दीड फूट उंचीवर जाईतो ते वीतभराहून जास्त सरकणार, खिडकीकडे. खाट तिथंच नेऊन ठेवली होती, आपल्या हातानं.

त्यानं उषाला फोन लावला. घंटी वाजून वाजून थांबली. परत लावला. बारा वाजून गेले होते. या वेळी ती जेवून पडलेली असे, फोन चुलीजवळच्या बोर्डावर चार्जिंगला.

मशीनचा आवाज खाली आला. "निंघना," निंबा म्हणाला.

आतली नळी दोरावर वर आली. मशीनवरच्या माणसांनी ती लाकडी घोड्यावर आडवी टाकली, निंबानं तोंडाचं कडं फिरवून काढलं आणि नळीवर लाकडी हातोडा मारू लागला. दगड सरकत ट्रेमध्ये आला. राखाडी, गुलाबी दाणे, पांढऱ्या शिरा, शिरांना तांब्याची कड. उत्तम दगड. एक मीटर. दोन. तीन.

निंबानं हातोडा थांबवला नाही, कारण नळी अजून जड होती.

आधी लाकडाची चकती आली, दोन सेंटिमीटर, तिरपी कापलेली, एका कडेला खाटेचा हिरवा रंग. मग दाबून गोल झालेला कापूस. मग गोधडीची चकती, तीवर निळ्या दोऱ्याचे तीन टाके, जवळजवळ घातलेले. उषाचा हात असाच होता, बारीक.

त्यामागं आणखी होतं. बोटानं दाखवता येईल एवढंच नळीच्या तोंडाबाहेर आलं होतं. दगडासारखं गोल, गुळगुळीत कापलेलं, उन्हात ओलं. रोहिदासनं शेजारचं भिजलेलं गोणपाट ओढून त्यावर टाकलं, नळीखाली हात घातला आणि उरलेलं गोणपाटात उतरवून घेतलं. ते हातात थरथरत होतं, तळव्यानं धरूनही थांबत नव्हतं.

"काय शे ते?" निंबा म्हणाला.

"जादानं," रोहिदास म्हणाला.

७

उषा रोहिदास भामरे, वय सेहेचाळीस. आठ मे, दुपारी बारा ते एकच्या दरम्यान, झोपेत. अंगावर खूण नाही. दाखल्यावर कारण: हृदयक्रिया बंद पडणे.

त्या दिवशीचा रन एक हजार एकशे त्र्याऐंशी ते एक हजार एकशे शहाऐंशी. निघाला तीन मीटर एकोणीस. लाकूड दोन, कापूस पाच, गोधडी एक. उरलेल्या अकरा सेंटिमीटरपुढं रोहिदासनं काही लिहिलं नाही. ते नऊ मेच्या सकाळी तिच्याबरोबर गेलं.

होल चौदा मेला बाराशे एक मीटरवर पूर्ण झालं. शेवटचे पाच रन: तीनला तीन, तीनला तीन, तीनला तीन, तीनला तीन, तीनला तीन. जादा काही निघालं नाही.